जन्मभरासाठी एकच देश

लकडगंज, नागपूर
७ जानेवारी २०२५

ताई, नमस्कार करते.

पाकीट पाहून घाबरू नका, इकडे सगळे ठीक आहेत. फोन करता आला असता. पण हे दिवसभर हॉलमध्येच बसलेले असतात, आणि ऑपरेशननंतर बोलणं गेलं तसे यांचे कान फार तिखट झाले आहेत. मी फोनवर हळू बोलले तरी यांना वाटतं, माझ्याबद्दलच बोलून राहिली. मग दिवसभर तोंड भिंतीकडे. म्हणून तुमच्याशी दोन शब्द बोलायचे तर आता पत्रच. उत्तर घरच्या पत्त्यावर नको, खालच्या मजल्यावरच्या भागीरथाबाईंच्या नावानं पाठवा. त्या आणून देतील.

नव्या वर्षाच्या दिवशी तुमच्या लेकीनं, खुशीनं, घरच्या ग्रुपवर एक प्रश्न टाकला होता. तुम्हीही पाहिला असेल. जन्मभर एकाच देशाचं जेवण जेवायचं असेल, तर कोणता देश निवडाल? दिवसभर सगळ्यांचा नुसता धिंगाणा. कुणी इटली, कुणी जपान. आमच्या पियुषनं लिहिलं, आपलं तिखट सावजी जेवण हाच एक वेगळा देश आहे. सगळे हसले. पोरीच्या मनात काही नव्हतं हे मला समजतं. तिला रागावू नका.

पण हे फोन हातात घेऊन सगळी उत्तरं वाचत बसले होते. नागपुरातल्या लग्नांमध्ये आठ-आठ देशांचे काउंटर लावणारा माणूस. अर्धी जीभ आणि जबड्याचं हाड गेलं, आता जे काही पोटात जाईल ते मिक्सरमधून बारीक होऊन जाईल. जन्मभर. त्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं काय काय नेलं ते मी तुम्हाला काय सांगू! यांनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी माझ्यासमोर धरली. यांना बोलायचं असलं की पाटीवर लिहितात. लिहिलं होतं, "आज थायलंड."

मी नारळाचं दूध काढलं, आलं, मिरचीशिवाय सगळं घातलं, भात शिजवला, आणि वाटलं. दुसऱ्या दिवशी इटली. आज मेक्सिको आहे, राजमा भिजत घातला आहे. जेवण बरं चाललं आहे. तब्येतीची काळजी करू नका.

कामिनी

*

रायपूर
१६ जानेवारी २०२५

कामिनी,

तुझं पत्र भेटलं. खुशीले मी रागावली नाही, पण समजावून सांगितलं. ती रडली. मामाजींचा फोटो घेऊन बसली होती.

आता माझं ऐक वं. ताराचंद मागून राहिला नं? मग ही चांगली गोष्ट आहे. ज्या माणसाची जगायची इच्छा संपते तो काहीच मागत नाही. आमचे सासरे जायच्या आधी महिनाभर म्हणत, काही नको, काही नको. त्यानं थायलंड म्हटलं तर थायलंड, चीन म्हटलं तर चीन. तू करून घाल. लहानपणापासून त्याची खायची हौस मोठी. आई पुरणाची पोळी करायची तर हा परातीजवळून हलायचा नाही.

मी आली असती. पण सासूबाई बिछान्यावर, त्यांचं सगळं माझ्याच हातानं लागते. तुझे भाऊजी एक ग्लास पाणी हातानं घेत नाहीत. तुले माहीतच आहे.

आणि भागीरथाबाईंच्या नावानं पत्र पाठवायचं मले काही बरं वाटत नाही. नवऱ्यापासून लपवण्यासारखं आपण काय लिहून राहिलो? तरी तू म्हणते म्हणून पाठवते.

गोपिकाताई

*

लकडगंज, नागपूर
४ फेब्रुवारी २०२५

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी पंधरा दिवस तुम्ही म्हणालात तसंच केलं. आता मात्र खरं लिहिते.

यांना सकाळी एक देश सुचतो. मग मी सामान शोधायला निघते. अर्धं लकडगंजात मिळत नाही. मेट्रो पकडून सीताबर्डीला जायचं, तिथे दुकानदाराला मोबाईलवरचं चित्र दाखवायचं, तो म्हणतो धरमपेठेत पाहा. घरी येऊन ते शिजवायचं. इटलीच्या शेवया उकडायच्या, त्यांचा वेगळा रस्सा करायचा, वर चीज. आणि मग ते सगळं मिक्सरच्या भांड्यात. ताई, इटलीही तपकिरी होते आणि मेक्सिकोही तपकिरी होतो. फक्त पालक असला तर हिरवं.

वाटी यांच्या पुढे ठेवली की हे टॉवेल घेतात, खुर्ची भिंतीकडे फिरवतात आणि पहिला चमचा घेतात. कितीतरी वेळ तोंडात ठेवतात. मग वाटी बाजूला सारतात आणि पाटीवर त्या देशाचं नाव लिहून त्यावर काट मारतात. पहिला चमचा तेवढा देशाचा, उरलेलं मी किती विनवण्या केल्या की अर्धंमुर्धं जातं. मागच्या पत्रात जेवण बरं आहे लिहिलं, ते खरं नव्हतं. खांद्याची हाडं दिसतात. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल.

परवा कोरिया होता. मी कोबी आंबवून ठेवला होता, चार दिवस. यांनी एक चमचा घेतला आणि काट मारली. माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हणाले, "तुमच्या तोंडाले चव तर धड कळत नाही. मंग कोरिया काय आन आपलं पाटणसावंगी काय, सगळं याच भांड्यातून जाते नं!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. पाटी पुसली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. तेव्हापासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही. आज दुसरा दिवस.

तुम्ही एकदा फोन करा. तुमचं ते ऐकतात. माझ्या पत्राचं बोलू नका.

कामिनी

*

रायपूर
११ फेब्रुवारी २०२५

कामिनी,

तुझं पत्र भेटलं त्याच दिवशी मी फोन केला होता. पियुषनं त्याच्या कानाले लावून ठेवला. मी बोलली, समोरून नुसता श्वास ऐकू आला. नंतर पियुषनं सांगितलं की बाबांनी थोडं दूध घेतलं. देवाची कृपा.

पण तुले विचारते, काहून असं बोलली तू? माणूस मरणाच्या दारातून परत आला. त्यानं चार देशांची नावं घेतली तर तुह्या हाताची मेंदी उतरून राहिली होती का? जन्मभर त्यानं लोकांच्या लेकरांची लग्नं जेवू घातली. आज त्याले एका वाटीसाठी बोल ऐकावा लागते, तोही बायकोचा.

मी इथं सासूबाईंचं सगळं करते, हागणंमुतणं करते. कधी तोंडातून शब्द काढला नाही. बाईच्या जातीले थकून चालत नाही.

रागानं लिहून राहिली मी. पण माझा एकच भाऊ आहे.

गोपिका

*

लकडगंज, नागपूर
१० मार्च २०२५

ताई,

तोंड गेलं, हात शाबूत आहे, म्हणून मीच लिहून राहिलो. तुझं पत्र आलं तेव्हा भागीरथाबाई गावाले गेल्या होत्या. पोस्टमननं माझ्या हाती दिलं. अक्षर तुझं, नाव भागीरथाबाईंचं. मी फोडलं नाही, कामिनीच्या हातात नेऊन दिलं. तिनं ते माझ्यासमोरच उघडलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळं, मेंदीसकट. वाचून झालं आणि भांडी घासायले गेली. रडली नाही. ती रडली असती तर मी पत्र लिहिलं नसतं.

तुले एक गोष्ट सांगतो. कामिनीलेही मी ती आत्ताच सांगितली, पाटीवर मावली नाही म्हणून कागदावर.

मले कशाचीच चव लागत नाही. थोडी कमी असं नाही, काहीच नाही. ऑपरेशननंतर रेडिएशनचे शेक घेतले तेव्हापासून मीठ, साखर, दूध, पाणी सगळं एकसारखं. तोंडात ओला कापूस धरावा तसं. डॉक्टर म्हणतात येईल परत, नाहीतर येणार नाही. खुशीनं तो प्रश्न विचारला तेव्हा मी विचार केला, इतके देश आहेत, एवढे मसाले आहेत, एखाद्याची तरी चव आत पोचेल. ज्याची पोचेल तोच देश जन्मभर खाईन. म्हणून रोज एक. मी चोचले करून नव्हतो राहिलो, शोधून राहिलो होतो. कोरियावर माझी फार आशा होती, आंबट आहे म्हणून. तोही गेला.

हे कामिनीले आधी सांगितलं असतं तर ती देवळात जाऊन बसली असती. म्हणून लपवलं. तिले वाटलं मी तिच्या हाताले नावं ठेवून राहिलो.

आता दुसरी गोष्ट. ज्या दिवशी तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेलो. लग्न झाल्यापासून मी त्या खोलीत पाण्यासाठीच गेलो असेन. हजार माणसांचं जेवण काढणारा माणूस, घरी मात्र पाटावर बसून मागायचो. पाहतो तर ही ओट्याजवळ उभी राहून मिक्सरचं भांडं बोटानं पुसून खाऊन राहिली. माझं उरलेलं. पाटीवर विचारलं, काहून? म्हणाली, दोन-दोन स्वयंपाक होत नाहीत माझ्यानं. किती दिवसांपासून? म्हणाली, तुम्हाले घरी आणलं तेव्हापासून.

ताई, धडधाकट दातांची बाई. तिच्या तोंडाले सगळी चव आहे, आणि ती माझा लगदा खाऊन राहिली होती. तू म्हणते बाईच्या जातीले थकून चालत नाही. थकली आहे ती. तिचं वजन मी केलं नाही, पण बांगड्या कोपरापर्यंत जातात.

दुसऱ्या दिवसापासून कढई मी घेतली. माझ्याकडं हैदराबादचा एक कारागीर होता, दहा वर्षं कुवेतले राहून आलेला, तिथं लेबनॉनच्या मालकाकडं होता. त्याचं सगळं हातात आहे माझ्या. बाकीच्या देशांचंही आहे. मी करतो, ती चाखते आणि मले सांगते. पहिल्या दिवशी म्हणाली, "चांगलं आहे." मी पाटीवर लिहिलं, "चांगलं म्हणजे काय? गिऱ्हाइकासारखं नको बोलू." आता शिकून राहिली हळूहळू.

तू तिले पुन्हा असं लिहू नको. एवढंच सांगायचं होतं.

ताराचंद

*

रायपूर
१९ मार्च २०२५

ताराचंद,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग सासूबाईंचं आवरून पुन्हा वाचलं.

चवीचं तू मलेही सांगितलं नाहीस. लहानपणी तुले ठेच लागली तरी मले सांगायचास.

कामिनीले काय लिहावं समजत नाही. मी जे लिहिलं ते माझ्याच थकव्यातून लिहिलं होतं, हे आता समजून राहिलं. ती तिथं उभ्यानं खाते आणि मी इथं रात्रीची भाकर सकाळी खाते, आणि मी तिलेच सुनावून राहिली होती. तिले सांग, ताईनं कान धरले. नाही, सांगू नको. मीच सांगीन.

तू गॅसजवळ जास्त उभा राहू नको.

ताई

*

लकडगंज, नागपूर
१४ एप्रिल २०२५

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र यांनी मला वाचायला दिलं. तुम्ही सांगू नको म्हणालात तरी दिलं. मला तुमचा राग नाही. तेव्हा आला होता, खोटं कशाला बोलू!

आता इकडची हकिगत. हे रोज एक पदार्थ करायचे आणि मी चाखायची. आधी मला काही सांगता येत नव्हतं. ताई, खरं म्हणजे मला काय आवडतं हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. ग्रुपवर खुशीनं विचारलं तेव्हा मीही काही लिहिलं नव्हतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. यांनी पाटीवर लिहिलं, "तू सांग. तुझं तोंड, तुझा देश." मी म्हणाले, मला कुठे देश माहीत आहेत! मग म्हणे, "चाख."

चीन मला फार खारट वाटला. जपान फिका. थायलंड आवडला, पण रोज नको. यांना प्रत्येकाचं सांगावं लागायचं. आधी जिभेला काय लागलं, मग काय, गिळल्यावर मागं काय राहिलं. मी सांगत असताना हे डोळे मिटून घ्यायचे.

एक दिवस यांनी काबुली चणे भिजवले, मऊ उकडले. तीळ भाजून तेलात वाटले, लसूण, जिरं घातलं आणि सगळं एकत्र फिरवलं. वरून ऑलिव्हचं तेल आणि लाल तिखटाची चिमूट, तीही माझ्याच बाजूला. वांगं गॅसवर भाजलं, सोलून त्यातही तीळ. दह्याचा चक्का बांधून ठेवला होता, त्यात काकडी आणि सांभाराची हिरवी पानं. मसुरीच्या डाळीचं पातळ सार केलं. मला वाटलं आता हे सगळं पुन्हा मिक्सरमध्ये जाणार. मी भांडं धुऊन आणलं. हे हसले. ऑपरेशननंतर तोंड एका बाजूला ओढलं गेलं आहे, त्यामुळे यांचं हसू आधी समजत नाही. पाटीवर लिहिलं, "हे असंच असते. तिथं सगळेच वाटलेलं खातात. नवरदेवसुद्धा."

मग एक मोठं ताट घेतलं आणि सगळं त्यात एकेका बाजूला वाढलं. लिंबू फक्त माझ्या कडेला, यांच्या तोंडाला झोंबतं. माझ्यासाठी पोळी, यांच्यासाठी चमचा. यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली नाही. घास बाहेर आला की टॉवेलनं पुसत होते, पण माझ्याकडे तोंड करून जेवले. मी सांगत होते, चणे दाण्यासारखे गोडसर लागतात, तीळ मागून कडू येतो, वांग्याला धुराचा वास आहे. ताट संपलं, ताई. मला वाटतं अर्ध्याहून जास्त यांनीच संपवलं.

मी म्हणाले, "हाच ठेवू. हा देश."

यांनी लिहिलं, "जन्मभर?"

मी म्हणाले, "तुमच्यासाठी जन्मभर. मी मधूनमधून वरण-भात खाईन, झुणका खाईन. मले नाही बांधून ठेवायचं."

ते कबूल झाले. आता आठवड्यातले चार दिवस तरी तेच चालतं. वजन उतरायचं थांबलं आहे. डॉक्टर म्हणाले नळी नको. चव आलेली नाही. मी विचारत नाही, आली तर हे सांगतीलच.

यांनी काल ग्रुपवर खुशीला उत्तर दिलं, तुम्ही पाहिलं असेलच. साडेतीन महिन्यांनी. "लेबनॉन. मामीनं निवडला."

बाकी माझं म्हणाल तर अंग फार दुखतं. हे करतात तरी बाजार, भांडी, दवाखाना, औषधं मलाच. झोपेतून उठलं तरी झोप झाल्यासारखं वाटत नाही. काही आजार नाही, तसंच आहे.

कामिनी

*

रायपूर
२६ एप्रिल २०२५

कामिनी,

ग्रुपवर मीच आधी लिहिलं होतं की हे तर आपलं वांग्याचं भरीत! तीळ घातला की काय लेबनॉन होते? तर ताराचंदनं मले रागाचं तोंड पाठवलं. म्हणजे बरा आहे.

आता नीट वाच. तू इकडं निघून ये. माझ्या सासूबाईंसाठी नणंदेनं महिनाभराची बाई ठेवून दिली आहे. तिले कसं जमलं ते विचारू नको, मी भांडली. तुझे भाऊजी स्वतःच्या हातानं पाणी घेऊन राहिले. मी ताराचंदले फोनवर सांगितलं, पियुष ऐकत होता. पियुष म्हणतो लग्नाचा सीझन असला तरी रोज रात्री मी घरी झोपायले येत जाईन, बाबांचा स्वयंपाक बाबा करतातच.

तू येशील तेव्हा काही आणू नको. लोणचं नाही, सांडगे नाही, काहीच नाही. रिकाम्या हातानं ये. मागच्या पत्राची माफी मी तोंडानं मागीन, कागदावर मले जमत नाही.

ताई

*

रायपूर
२२ मे २०२५

तुम्हाला पत्राच्या सुरुवातीला काय लिहावं समजेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कधी दूर राहायची वेळच आली नाही. फोनवर तुम्हाला बोलता येत नाही आणि मला एकटीलाच बोलत राहायची लाज वाटते. म्हणून पत्र.

गाडीत बसायला जागा नीट मिळाली होती. ताई स्टेशनवर आल्या होत्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला मध्येच धरलं आणि तिथेच, हमालांच्या गर्दीत, म्हणाल्या, "चुकलं माझं." मी म्हणाले, असू द्या. मग त्यांनी माझी पिशवी घेतली आणि ऑटो थांबवला.

पहिले दोन दिवस मी नुसती झोपले. सकाळी उठायची, चहा घ्यायची, पुन्हा झोपायची. कुणी उठवलं नाही. तिसऱ्या दिवशी ताईंनी ताट वाढलं. इथे उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवतात, सकाळी तोच खातात. बासी म्हणतात. तुम्ही केला नसेल कधी, लग्नाच्या काउंटरवर कोण ठेवणार! सांगते तुम्हाला. भात गार असतो, मातीच्या भांड्यातला असल्यामुळे जास्तच गार. पहिल्यांदा काहीच लागत नाही, नुसतं मऊ. मग मीठ लागतं. मग अगदी मागून, घशाजवळ, बारीक आंबटपणा येतो, ताकाहून कमी. मध्ये कांदा चावला की तिखट, पण त्या गारव्यामुळे डोळ्यांत पाणी येत नाही. सोबत टोमॅटोची भाजून वाटलेली चटणी होती. ताईंनी ताट माझ्या पुढे ठेवलं आणि स्वतःचं घेऊन समोर बसल्या. मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. कुणी तरी वाढतं आहे आणि मी मागते आहे, याची मला आधी फार लाज वाटली, नंतर वाटली नाही.

ताईंनी विचारलं, "ताराचंद जेवला असेल का?" मी म्हणाले, "जेवले असतील." आणि मला तुमची काळजी वाटली नाही. हे लिहू की नको, विचार करत होते. लिहिलं. तुम्ही चवीचं लपवलं, मी तुमचं उरलेलं खात होते ते लपवलं, त्यात आपले दोघांचे किती महिने गेले. म्हणून आता जसं आहे तसं लिहिते.

पियुषचा फोटो आला. तुम्ही पांढरा शर्ट घातला आहे आणि समोर कणीक मळून ठेवली आहे. कुणासाठी पोळ्या करून राहिलात? त्याच्यासाठी का? त्याला जाड पोळी आवडत नाही. मलाही.

माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं. ते मी काल भाऊजींना सांगून रद्द केलं. दुसरं अजून काढलं नाही. रागावून राहत नाही, इथे करमतं असंही नाही. फार दमले आहे, आणि ते अजून गेलेलं नाही. गेलं की येईन. किती दिवस लागतील, ते मला आज सांगता येत नाही.

कामिनी